ट्रंकेतले बेसबॉल: कागद, सह्या आणि त्यांची साक्ष

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत नुकत्याच घेतलेल्या एका जुन्या घराच्या तळघरात आधीच्या मालकांनी ‘हवी तर ठेवा, नको तर टाकून द्या’ असे सांगून एक पत्र्याची ट्रंक मागे सोडली. तिच्यात ‘द स्पोर्टिंग न्यूज’ या साप्ताहिकाचे सुतळीने बांधलेले गठ्ठे, ‘बेसबॉल मॅगझिन’ आणि ‘बेसबॉल डायजेस्ट’चे काही अंक, यांकीज संघाच्या सामन्यांच्या पुस्तिका, तिकिटांचे तुकडे, बुटांच्या खोक्यात रबरबँड लावून ठेवलेली खेळाडूंची कार्डे आणि बऱ्याच सह्या असलेला एक चेंडू निघाला. प्रश्नकर्त्या गृहस्थांचा चौदा वर्षांचा मुलगा बेसबॉलवेडा आहे. त्यांना स्वतःला मात्र क्रिकेटपलीकडचे फारसे कळत नाही. हे सगळे विकावे की ठेवावे, ठेवायचे तर कसे, आणि मुलासाठी पुढे काय घेत राहावे, असे त्यांनी विचारले आहे.

मी अमेरिकेत गेली सत्तावीस वर्षे जुन्या क्रीडासाहित्याची खरेदी-विक्री आणि जुन्या कागदाची डागडुजी करीत आलो आहे. म्हणून उत्तर देताना व्यापाऱ्याची आणि कागद सांभाळणाऱ्याची अशा माझ्या दोन्ही सवयी मध्ये येतील, हे आधीच सांगून ठेवतो. या व्यवसायात वस्तू दोन प्रकारच्या असतात. एक प्रकार स्वतःची तारीख आणि स्वतःचा पुरावा अंगावर वागवतो. दुसरा प्रकार कोणाच्या तरी शब्दावर उभा असतो. बाजार दुसऱ्या प्रकाराला डोक्यावर घेतो, आणि माझ्या मते खऱ्या रसिकाने आपला पैसा व वेळ बहुतांशी पहिल्या प्रकारावर खर्च करावा. आपल्या ट्रंकेत सुदैवाने पहिला प्रकारच जास्त दिसतो.

सर्वांत आधी, काहीही साफ करू नका. ओल्या फडक्याने पुसणे, चिकटपट्टी लावून फाटके जोडणे, दुमडलेली पाने इस्त्रीने सरळ करणे, लॅमिनेशन करून घेणे, ही सगळी कामे प्रेमापोटी केली जातात आणि त्यांतले एकही नंतर पूर्णपणे मागे घेता येत नाही. ट्रंक तळघरातून वर आणा, पण माळ्यावर नेऊ नका, कारण उन्हाळ्यात माळा भट्टीसारखा तापतो. घरातली एखादी आतली खोली, जिथे तापमान वीस अंश सेल्सियसच्या आसपास आणि आर्द्रता साधारण ३५ ते ५० टक्के राहते, ती योग्य. रबरबँड मात्र लगेच काढा; काढताना ते कार्डाला चिकटलेले आढळले तर ओढू नका, दोन्ही बाजूंनी कापा आणि चिकटलेला तुकडा तसाच राहू द्या. सुतळीही कापून काढा. गठ्ठ्यांत कसर फिरताना दिसली किंवा पानांना बुरशीचा वास आला, तर तेवढे गठ्ठे वेगळ्या खोलीत ठेवा. बाकीची कामे महिनाभर थांबली तरी चालतील.

आता गठ्ठ्यांकडे वळू. ‘द स्पोर्टिंग न्यूज’ हे साप्ताहिक १८८६ साली सेंट लुईस येथे सुरू झाले आणि २०१२ पर्यंत छापील स्वरूपात निघत राहिले; अनेक दशके अमेरिकेत त्याला ‘बेसबॉलचे बायबल’ म्हणत. ते लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त वृत्तपत्री कागदावर छापले जाई, म्हणून आपल्याकडचे अंक पिवळे आणि कडेला ठिसूळ झालेले असणार. लगद्यातले लिग्निन प्रकाशात आणि हवेत कागदाला आतून आंबवत राहते. ही क्रिया थांबवता येत नाही, फक्त मंदावता येते. प्रत्येक अंक आडवा, घडी उलगडून, आम्लमुक्त पुठ्ठ्याच्या पेटीत ठेवा. पेटीत अंक उभे कोंबू नका. आर्थिक दृष्टीने पाहिले तर एखाद्या मोठ्या घटनेचा अंक सोडल्यास यांतल्या बहुतेकांची किंमत दोघांच्या साध्या जेवणाइतकीच येते. तरीही मी असे अंक टाकून देऊ देत नाही, आणि त्याचे कारण त्यांच्या बारीक टायपात आहे.

त्या बारीक टायपाला ‘बॉक्स स्कोअर’ म्हणतात, म्हणजे एकेका सामन्याचे आकड्यांतले पत्रक. तो बेसबॉलला दिला हेन्री चॅडविक यांनी, आणि क्रिकेटच्या घरात वाढलेल्या मराठी माणसाला त्यांची ओळख करून देताना मला विशेष आनंद होतो. चॅडविक यांचा जन्म इंग्लंडमधला, १८२४ सालचा. लहानपणीच ते कुटुंबासह ब्रुकलिनला आले आणि पुढे वृत्तपत्रांसाठी क्रिकेटचे वृत्तांत लिहू लागले. १८५६च्या सुमारास बेसबॉलचा एक चांगला सामना त्यांच्या पाहण्यात आला, आणि क्रिकेटच्या धावपत्रकाची शिस्त त्यांनी या नव्या खेळाच्या नोंदीत आणली. १८६० साली त्यांनी संपादित केलेली, बीडल यांनी काढलेली दहा सेंटांची पुस्तिका ही बेसबॉलची पहिली वार्षिकी मानली जाते. क्रिकेटचे विस्डेन त्यानंतर चार वर्षांनी, १८६४ साली, आले. हा क्रम क्रिकेटप्रेमींना सांगितला की त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर अविश्वास दिसतो. तेव्हाच्या घडामोडींपैकी बऱ्याचशा हडसन नदीच्या आपल्या बाजूला, होबोकनच्या इलिशियन फील्ड्स या मैदानावर घडल्या, आणि त्याच परिसरात क्रिकेटही खेळले जात होते. आज जर्सी सिटी आणि होबोकनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना आपण नेमके कोणत्या जमिनीवर उभे आहोत याची सहसा कल्पना नसते.

बॉक्स स्कोअर म्हणजे नुसते आकडे, असे कोणाला वाटत असेल तर कृष्णवर्णीय खेळाडूंच्या संघांचे उदाहरण पाहावे. १९४७च्या १५ एप्रिलला जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर उतरेपर्यंत विसाव्या शतकातल्या मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च व्यावसायिक पातळीवर, कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. त्यांच्या स्वतंत्र निग्रो लीग होत्या, आणि त्या सामन्यांच्या नोंदी ‘शिकागो डिफेंडर’, ‘पिट्सबर्ग कूरियर’ यांसारख्या वृत्तपत्रांच्या पानांत विखुरल्या होत्या. हौशी आणि व्यावसायिक संशोधकांनी वर्षानुवर्षे ती पाने चाळून एकेका सामन्याचा हिशेब लावला. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ या काळातल्या सात निग्रो लीगना मेजर लीगचा दर्जा दिला आणि मे २०२४ मध्ये त्यांची आकडेवारी अधिकृत नोंदीत समाविष्ट केली. त्या दिवशी कारकिर्दीतल्या फलंदाजी सरासरीच्या (म्हणजे संधींमागे यशस्वी फटक्यांच्या प्रमाणाच्या) यादीत टाय कॉब यांचा .३६७ हा आकडा खाली सरकला आणि जॉश गिब्सन यांचा .३७२ हा आकडा त्यावर बसला. त्या वेळी हे दोघेही हयात नव्हते. बदल घडवला तो पिवळ्या कागदांनी. म्हणून आपल्या ट्रंकेत एखादे जरी निग्रो लीगच्या सामन्याचे पत्रक, जाहिरात किंवा पुस्तिका निघाली, तर ती बाकी सगळ्यांपासून वेगळी काढून ठेवा. असे साहित्य मुळात कमी छापले गेले आणि त्याहून कमी जपले गेले.

पुस्तिकांविषयी माझे मत बाजाराच्या विरुद्ध आहे. मैदानावर विकल्या जाणाऱ्या पुस्तिकेच्या मधोमध कोरे स्कोअरकार्ड असते आणि प्रेक्षक पेन्सिलीने सामना नोंदवत बसतो. बाजारात कोऱ्या पुस्तिकेला साधारणपणे जास्त भाव मिळतो, कारण ती ‘निष्कलंक’ असते. मला भरलेली पुस्तिका अधिक मोलाची वाटते. वर्ल्ड सीरीजच्या, म्हणजे हंगामाअखेरच्या अंतिम मालिकेच्या, काळात एका मैदानावरच्या सर्व सामन्यांसाठी बहुधा एकच पुस्तिका छापत, त्यामुळे १९५६ची यांकी स्टेडियमची कोरी पुस्तिका नेमकी कोणत्या सामन्याची, हे तिच्याकडे पाहून सांगता येत नाही. पण पेन्सिलीने भरलेली असेल, तर ती बोलू लागते. त्या वर्षी ८ ऑक्टोबरला यांकीजचे डॉन लार्सन यांनी प्रतिस्पर्धी ब्रुकलिन संघाचे सत्तावीस फलंदाज ओळीने बाद केले. वर्ल्ड सीरीजमधला तो आजवरचा एकमेव ‘परफेक्ट गेम’. मैदानात ६४,५१९ प्रेक्षक होते. ब्रुकलिनच्या पानावर सत्तावीस बाद आणि एकही जण पहिल्या बेसवर नाही, यांकीजच्या पानावर चौथ्या डावात मिकी मँटल यांचा होमरन, निकाल २-०, आणि शेवटच्या चौकटीत डेल मिचेल यांच्या नावापुढे इंग्रजी ‘के’, अशी नोंद दिसली तर ती पुस्तिका कोणत्याही प्रमाणपत्राविना आपली ओळख पटवते. ‘के’ म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद. फलंदाजाने बॅट न फिरवता पंचाने तिसरा स्ट्राइक दिला असेल तर अनेक जण ते अक्षर उलटे काढतात, आणि मिचेल तसेच बाद झाले होते. तो ‘के’ उलटा, किंचित थरथरत्या हाताने काढलेला आढळला, तर मी ती पुस्तिका कोऱ्या प्रतीच्या दुप्पट दराने घ्यायला तयार होईन. आपल्या मुलाला स्कोअरकार्ड भरता येत असेलच. त्याला ट्रंकेतल्या भरलेल्या पुस्तिका वाचायला बसवा, आणि तिकिटांचे तुकडे कोणत्या पुस्तिकेशी जुळतात ते शोधू द्या. पुस्तिका आणि तिकीट एकत्र जुळले की दोघांचेही मोल वाढते.

मासिकांबाबत थोडक्यात सांगतो. ‘बेसबॉल मॅगझिन’ १९०८ साली बॉस्टनमध्ये सुरू झाले आणि १९५७ पर्यंत चालले. त्यातले पहिल्या महायुद्धापूर्वीचे अंक वाचनीयही आहेत आणि दुर्मीळही. ‘बेसबॉल डायजेस्ट’ १९४२ पासून आजतागायत निघते आहे आणि त्याचे सुटे अंक सहज मिळतात. ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’चा पहिला अंक, १६ ऑगस्ट १९५४चा, मिलवॉकीच्या एडी मॅथ्यूज यांच्या मुखपृष्ठाचा, बऱ्याच घरांत निघतो, कारण पहिला अंक म्हणून लोकांनी तो मुद्दाम जपला, त्यात घडी घालून घातलेला कार्डांचा छापील ताव शाबूत आहे की नाही, यावर त्याचा भाव ठरतो. मुखपृष्ठावर वर्गणीदाराच्या पत्त्याची चिठ्ठी असली की किंमत उतरते. इथेही माझा विरोध नोंदवून ठेवतो: आपल्या अंकांवर आपण आता राहता त्याच घराचा पत्ता असेल, तर तो या संग्रहाच्या मालकीचा छापील दाखला आहे. चिठ्ठ्या खरवडू नका.

कार्डांपाशी आलो की प्रत्येकाचा आवाज बदलतो, कारण बातम्यांमधले आकडे इथलेच असतात. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून वाटलेल्या ‘टी-२०६’ या मालिकेतले होनस वॅग्नर यांचे कार्ड २०२२ साली ७२ लाख ५० हजार डॉलरला गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टॉप्स कंपनीच्या १९५२च्या मालिकेतले मिकी मँटल यांचे, ३११ क्रमांकाचे, जवळजवळ निर्दोष कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला विकले गेले. वॅग्नर यांचे कार्ड छापणे मध्येच थांबले म्हणून ते दुर्मीळ. तंबाखूच्या जाहिरातीला त्यांचा विरोध होता की पैशांचा प्रश्न होता, यावर दोन मते आहेत. मँटल यांच्या कार्डाची कथा अधिक गमतीची आहे. १९५२च्या मालिकेतला शेवटचा भाग हंगाम संपत आल्यावर दुकानांत पोहोचला आणि पडून राहिला. ती मालिका घडवणारे साय बर्गर यांनी काही वर्षांनी, १९६०च्या सुमारास, गोदाम अडवून बसलेली न विकलेली खोकी पडावात भरून अटलांटिक समुद्रात बुडवली. आणि गंमत म्हणजे ते मँटल यांचे पहिले कार्डही नव्हे. पहिले कार्ड बोमन कंपनीचे, १९५१चे.

ही कार्डे आपल्या खोक्यात असण्याची शक्यता फारच कमी आहे, पण तपासणे सोपे आहे. टॉप्सने १९५२च्या मालिकेची प्रतिकृती १९८३ साली काढली, ती आजच्या प्रचलित मापाची, म्हणजे अडीच इंच बाय साडेतीन इंच. मूळ कार्ड त्याहून मोठे, सुमारे दोन पूर्णांक पाच अष्टमांश बाय पावणेचार इंचाचे आहे. म्हणून घरातली साधी फूटपट्टी पहिली परीक्षा घेऊ शकते. मूळ मापापेक्षा केसभर लहान भरणाऱ्या कार्डाकडेही संशयाने पाहावे, कारण झिजलेल्या कडा कापून कार्ड नवे दिसावे असा उद्योग फार जुना आहे. वॅग्नर यांच्या सर्वांत प्रसिद्ध कार्डाची कडाही कापलेली होती, ही कबुली २०१३ साली न्यायालयात दिली गेली. आणि तोपर्यंत ते कार्ड मोठ्या प्रतवारीसह प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत अनेक मालकांच्या हातून फिरले होते. प्रतवारी करणाऱ्या संस्थांचे मत उपयोगाचे असते, पण ते मतच असते.

आपल्या खोक्यातली कार्डे १९८७ ते १९९३ या काळातली निघाली, तर ती मुलाला मनसोक्त हाताळू द्या. त्या वर्षांत कंपन्यांनी कार्डे इतक्या प्रचंड संख्येने छापली, आणि लोकांनीही ‘मुलांच्या कॉलेजची सोय’ म्हणून ती इतकी जपून ठेवली, की आज न उघडलेली खोकीसुद्धा मोठ्या भावाने जात नाहीत. कार्डे जुनी असतील तर मऊ पीव्हीसीच्या पानांत घालू नका. ज्या पानांना नव्या मेणकापडासारखा वास येतो ती नकोत. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रोपिलिनची पाकिटे घ्या. जेफरसन बर्डिक या सिरॅक्यूजच्या थोर संग्राहकाने सारे आयुष्य घालवून तीन लाखांहून अधिक कार्डे आणि छापील वस्तू जमवल्या, त्यांचे वर्गीकरण केले (‘टी-२०६’ हा क्रमांक त्यांच्याच पद्धतीतला) आणि सगळा संग्रह न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिला. संधिवाताने वाकलेल्या बोटांनी त्यांनी ती कार्डे आल्बममध्ये डकवली, आणि हे काम १९६३ साली पुरे झाल्यावर काही आठवड्यांतच त्यांचे निधन झाले. कागद सांभाळणारा म्हणून ती खळ आठवली की मला आजही त्रास होतो, आणि तरी त्यांच्याएवढे ऋण या छंदावर दुसऱ्या कोणाचे नाही.

राहिला चेंडू. सह्यांच्या बाबतीत मी कठोर आहे, आणि त्याला कारण आहे. धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत एका प्रदर्शनात मी बेब रूथ यांच्या सहीचा चेंडू घेतला. सोबत विक्रेत्याच्या आजोबांची हृद्य गोष्ट आणि टंकलिखित पत्रही होते. घरी येऊन भिंगाखाली पाहिले तेव्हा चेंडूवर नॅशनल लीगचे (मेजर लीगच्या दोन शाखांपैकी एक; दुसरी अमेरिकन लीग) अध्यक्ष म्हणून वॉरन गाइल्स यांचे नाव छापलेले दिसले. गाइल्स अध्यक्ष झाले १९५१ साली, आणि रूथ यांचे निधन झाले ऑगस्ट १९४८ मध्ये. सही पाहताना मी चेंडू वाचलाच नव्हता. तो चेंडू अजून माझ्या टेबलावर आहे, पेपरवेट म्हणून.

म्हणून आपल्या चेंडूवर आधी छापील मजकूर वाचा. विसाव्या शतकातल्या बहुतेक अधिकृत चेंडूंवर त्या त्या लीगच्या अध्यक्षांचे नाव असते. अमेरिकन लीगचे विल हॅरिज १९३१ ते १९५९ आणि नंतर जो क्रोनिन १९७३ पर्यंत. नॅशनल लीगचे फोर्ड फ्रिक १९३४ ते १९५१ आणि मग गाइल्स १९६९ पर्यंत. अधिकृत चेंडूंवर अमेरिकन लीगसाठी ‘रीच’ आणि नॅशनल लीगसाठी ‘स्पॉल्डिंग’ ही नावे असत. दोन्ही लीगसाठी ‘रॉलिंग्ज’ आले ते १९७७ पासून. त्यामुळे रॉलिंग्जच्या अधिकृत लीग चेंडूवर रोबेर्तो क्लेमेंते किंवा जॅकी रॉबिन्सन यांची सही असूच शकत नाही, कारण दोघेही १९७२ साली गेले. दुसरी परीक्षा शाईची. अमेरिकेत बॉलपेन दुकानात विकायला आले ऑक्टोबर १९४५ मध्ये. लू गेरिग १९४१ साली वारले होते, म्हणून त्यांची बॉलपेनची सही अशक्य. शार्पीसारखे मार्कर तर १९६४ नंतरचे. या दोन परीक्षांना तज्ज्ञ लागत नाही, आणि बनावट वस्तूंचा मोठा भाग त्यांतच गळतो.

आपल्या वर्णनावरून मला दुसरीच शंका आहे. सगळ्या सह्या एकाच रंगाच्या, एकसारख्या ठळकपणाच्या आणि चेंडूभर नेटकेपणे मांडलेल्या आहेत, असे आपण लिहिले आहे. मैदानांवर छापील सह्यांचे चेंडू स्मरणवस्तू म्हणून विकले जात, आणि घराघरांतून निघणारे ‘सह्यांचे चेंडू’ बहुतेक तेच असतात. भिंगाखाली पाहा: हाताने केलेल्या सहीत दाब कमी-जास्त होतो, रेघा एकमेकींना ओलांडतात तिथे शाई गडद होते आणि चेंडूच्या गोलाईवर हात अडखळलेला दिसतो. यांपैकी काहीच नसेल तर तो छापील आहे, आणि मुलाच्या कपाटावर ठेवायला उत्तम. सह्या हाताने केलेल्या असल्या तरी सगळ्या खेळाडूंच्याच असतील असे नाही. गर्दीच्या मागणीला पुरे पडण्यासाठी संघाच्या कपडे बदलण्याच्या खोलीतले मदतनीस ताऱ्यांच्या नावाने सर्रास सह्या करीत. १९९०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ या मोहिमेत बनावट सह्यांची मोठी टोळी पकडली, आणि २००१ पासून मेजर लीग बेसबॉलने सामन्यातच वस्तूंवर क्रमांकित होलोग्राम चिकटवण्याची पद्धत आणली. मुलाला आजच्या खेळाडूची काही वस्तू घ्यायची असेल तर त्या होलोग्रामशिवाय घेऊ नका. आणि चेंडूला चकाकी यावी म्हणून लाखेचे रोगण कधीही लावू नका. पूर्वी लोक लावीत, आणि असे चेंडू आज मधासारखे पिवळे पडलेले दिसतात.

मुलासाठी पुस्तके घेण्यात मात्र संकोच करू नका, कारण या छंदातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ भाग तोच आहे. सुरुवात लॉरेन्स रिटर यांच्या १९६६च्या ‘द ग्लोरी ऑफ देअर टाइम्स’ या पुस्तकापासून करावी. टाय कॉब यांच्या मृत्यूनंतर त्या पिढीच्या आठवणीही जातील या जाणिवेने रिटर टेपरेकॉर्डर घेऊन देशभर फिरले आणि विसाव्या शतकाच्या आरंभीचे वृद्ध खेळाडू शोधून त्यांना बोलते केले. चौदा वर्षांच्या मुलाला ते पुस्तक आजोबांच्या गप्पांसारखे वाटेल. निग्रो लीगचा इतिहास समजून घ्यायला रॉबर्ट पीटरसन यांचे १९७०चे ‘ओन्ली द बॉल वॉज व्हाइट’ घ्या. रॉजर एंजेल यांचे ‘न्यू यॉर्कर’मधले लेख पुस्तकरूपाने मिळतात, ते दोन वर्षांनी द्या, त्यांची गती संथ आहे. आकड्यांची आवड असेल तर मॅकमिलनचा १९६९चा ज्ञानकोश जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणा. दोन हजारांहून अधिक पानांचा तो ग्रंथ संगणकाच्या मदतीने तयार झालेला या खेळातला पहिला मोठा नोंदकोश आहे, आणि त्यातले काही आकडे पुढे दुरुस्त झाले असले तरी तो उघडून जमिनीवर पालथे पडून वाचण्याचे सुख पडद्यावर मिळत नाही.

बेसबॉलच्या आकड्यांचे अभ्यासक बिल जेम्स यांच्या वार्षिकांचा वेगळा उल्लेख करतो. कॅन्ससमधल्या एका डबाबंद अन्नाच्या कारखान्यात रात्रीच्या पहाऱ्यावर असताना त्यांनी बॉक्स स्कोअर चाळून १९७७ साली पहिले ‘बेसबॉल ॲब्स्ट्रॅक्ट’ स्वतःच छापले, त्याची छोटीशी जाहिरात ‘द स्पोर्टिंग न्यूज’मध्ये दिली, आणि जेमतेम पाऊणशे प्रती खपल्या. १९८२ पासून मोठ्या प्रकाशकाने काढलेली वार्षिके आज काही डॉलरांत मिळतात. पहिल्या पाच वर्षांच्या घरगुती प्रती मिळणे दुरापास्त. आपल्या गठ्ठ्यांत १९७७चे अंक असतील तर ती जाहिरात मुलाला शोधायला सांगा.

वाचण्यासाठी घेताना आवृत्ती पाहू नका. संग्रहासाठी घेताना वेष्टणाची आतली घडी पाहा: तिथे छापील किंमत नसेल आणि मागच्या पुठ्ठ्यावर कोपऱ्यात छोटासा दाबलेला ठसा असेल, तर ती बहुधा पुस्तक-मंडळाची सवलतीची आवृत्ती आहे, आणि ती पहिली आवृत्ती म्हणून विकणारे मला दर महिन्याला भेटतात. ग्रंथालयाचा शिक्का असलेली पत्रे किंवा हस्तलिखिते कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. न्यू यॉर्क पब्लिक लायब्ररीच्या स्पॉल्डिंग संग्रहातून १९७०च्या दशकात मौल्यवान पत्रे चोरीला गेली आहेत, आणि अशी वस्तू घेणाऱ्याच्या हाती अखेर काहीच उरत नाही.

विकायचे ठरलेच, तर मी व्यापारी असूनही सांगतो: कोणत्याही व्यापाऱ्याला ट्रंकेतून आवडीच्या चार वस्तू निवडू देऊ नका, कारण उरलेल्या सहा गठ्ठ्यांना मग कोणी वाली राहत नाही. आधी प्रत्येक वस्तूचे छायाचित्र आणि यादी करा, दोन वेगवेगळ्या ठिकाणी दाखवा, आणि लिलावगृहाकडे जाताना विक्रेत्याकडून आणि खरेदीदाराकडून किती टक्के कापले जातात ते लेखी घ्या. कूपर्सटाउनचे हॉल ऑफ फेम हे बेसबॉलचे संग्रहालय वस्तू विकत घेत नाही आणि त्यांची किंमतही सांगत नाही. ते फक्त देणगी स्वीकारते, तीही त्यांच्या संग्रहात जागा असेल तर. माझा स्वतःचा सल्ला विचाराल तर पुस्तिका, तिकिटे आणि साप्ताहिके ठेवा. जुन्या कार्डांत खरोखर मोठे काही निघाले तर तेवढेच विका आणि त्या पैशांतून पेट्या, पाकिटे आणि पुस्तके घ्या.

मात्र या सगळ्याआधी एक काम याच आठवड्यात करा. आधीच्या मालकांचा फोन नंबर घराच्या कागदपत्रांत असेलच. त्यांना फोन करून ट्रंक कोणाची होती, घरातले कोण सामन्यांना जात असे, साधारण कोणत्या वर्षांत आणि कोणाबरोबर, हे विचारा, आणि शक्य असेल तर त्यांच्याच हाताने एका कागदावर तारीख घालून, सही करून लिहून मागा. बॉलपेन चालेल.